७५० म्हणजे काय रे भाऊ?

*बाइकच्या मडगार्डवरचा एक आकडा आम्हाला घेऊन गेला देवरीच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या धनेगावात. तिथे ना किल्ला, ना राजवाडा, ना साधी एक पाटी. तरी काही लाख लोक दरवर्षी इथे येतात. का?*

सकाळचे साडेनऊ. वर्धा रोडचा सिग्नल. पुढे उभ्या असलेल्या बाइकच्या मडगार्डवर लिहिलेलं असतं ‘जय सेवा’ आणि त्याखाली ठसठशीत आकड्यात ७५०. आपण म्हणतो, असेल कुठला तरी ग्रुप. सिग्नल सुटतो, आपण विसरतो. नागपुरात, भंडाऱ्यात, गोंदियात राहणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा कधी ना कधी पाहिलाय. किती जणांनी त्याचा अर्थ विचारलाय? आम्ही तरी विचारला नव्हता. आणि हाच आकडा आमच्या शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राच्या हेल्मेटवर चार वर्षं होता!

शेवटी एकदा पार्किंगमध्ये विचारलंच. ‘‘७५० सीसीची गाडी घ्यायचा प्लॅन आहे का रे?’’

तो हसला. म्हणाला, ‘‘गोत्रं आहेत ती आमची. साडेसातशे.’’ मग हेल्मेट डोक्यावर चढवता चढवता म्हणाला, ‘‘असं पार्किंगमध्ये सांगून नाही कळणार. चल एकदा कचारगडला.’’

तेव्हा ट्यूब पेटली. दरवर्षी माघ पौर्णिमेच्या सुमारास हा पठ्ठ्या दोन दिवसांची सुट्टी टाकतो. टीम लीड विचारतो, ‘‘काय, ट्रेक का?’’ आणि तो म्हणतो, ‘‘हो, तसंच काहीसं.’’ चार वर्षं आम्ही सगळे समजत होतो की गडी ट्रेकिंगवाला आहे.

आधी देवरी

माघ पौर्णिमेला तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळे आम्ही निघालो जानेवारीतल्या एका साध्या शनिवारी. नागपूरहून पहाटे निघायचं, भंडारा आणि साकोली मागे टाकायचं, आणि सुमारे दीडशे किलोमीटरवर येते देवरी. हा मुंबई-कोलकाता हायवे. पूर्वीचा सहा नंबर, आता त्रेपन्न. देवरी म्हटलं की आपल्यासारख्यांना आठवतात ते ट्रक, ढाबे आणि ‘रायपूर अमुक किलोमीटर’ची पाटी. रायपूरला लग्नाला जाताना इथे चहा घेतला असेल, बस. थोडं पुढे गेलं की बागनदी, आणि तिथून छत्तीसगड सुरू.

पण देवरीत दहा मिनिटं गाडीतून उतरून उभं राहा. पोह्यांच्या टपरीवर तर्री मराठीत मागितली जाते, पैशांचा हिशेब हिंदीत होतो, शेजारच्या बाकावर छत्तीसगडीत गप्पा रंगलेल्या असतात. आणि बाजाराला आलेल्या दोन म्हाताऱ्या एकमेकींशी जे बोलतात ते यातलं काहीच नसतं. ती गोंडी. एका टपरीवर चार भाषा! गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. नकाशावरच्या रेघा अशा अलीकडच्या आहेत. माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून इकडून तिकडे जात-येत आहेत.

मित्राचं गाव देवरी तालुक्यातच आहे. तो म्हणाला, ‘‘लहानपणी यात्रेला जायचो तेव्हा देवरीच्या चौकात उभे राहायचो. गडचिरोलीकडून, कोरचीकडून गाड्या भरून यायच्या. ज्या गाडीत जागा मिळेल तिच्यात चढायचं. ओळख असायची गरज नाही. आडनाव सांगितलं की पुरे.’’

आडनाव सांगितलं की पुरे, हे वाक्य तेव्हा आम्हाला नीट कळलं नव्हतं. पुढे कळलं.

हायवे सोडला की देवरी ते आमगाव, आमगाव ते सालेकसा. रस्ता बारीक होत जातो आणि गाडीतली गाणी आपोआप कमी आवाजात वाजायला लागतात. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, मध्येच एखादं तळं, मग मोह, तेंदू, पळस, बांबू. सालेकशाच्या पुढे डोंगर अगदी जवळ येतो. दरेकसा स्टेशन लागतं. गोंदियाहून डोंगरगडला ट्रेनने गेला असाल तर इथला बोगदा आठवेल. रेल्वेने हे डोंगर फोडून इथून लाइन नेली. त्या गाडीच्या खिडकीतून कित्येकांनी हा डोंगर पाहिलाय. पाहिलाय म्हणजे मोबाइलची रेंज गेली म्हणून मान वर केली, तेवढंच.

‘‘किती देवाचे?’’

धनेगाव हे डोंगराच्या पायथ्याचं छोटंसं गाव. मातीच्या भिंती, कौलं, काही नवी सिमेंटची घरं, शेणाने सारवलेली अंगणं. यात्रेच्या दिवसांत इथे तंबू, दुकानं, पुस्तकांचे स्टॉल आणि पार्किंगचा समुद्र असतो म्हणे. आम्ही गेलो तेव्हा कोंबड्या होत्या, एक झोपलेलं कुत्रं होतं आणि एका अंगणात सुपात धान पाखडणारी एक आजी होती.

गाडी लावायला जागा विचारली. आजीने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, ‘‘कोन्या गावचे जी तुमी?’’

मित्राने गाव सांगितलं. आडनाव सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न तयार होता. ‘‘किती देवाचे?’’

आपल्याकडे कसं असतं, नवीन माणूस भेटला की आपण विचारतो, कुठलं कॉलेज, कुठली कंपनी, कुठे राहता. इथे विचारतात, किती देवाचे. आमचा मित्र, जो क्लायंट कॉलवर पाच मिनिटांत समोरच्याला गप्प करतो, तो एखाद्या शाळकरी पोरासारखा सरळ उभा राहून म्हणाला, ‘‘सात देवे.’’

आजीचं सूप थांबलं. ‘‘मी बी सात देवाचीच लेक. मंग तर तू माहा भाऊच झाला रे बाबू.’’ आणि उठून आत. ‘‘भावाले चाय पाजल्याबिगर कशी सोडू?’’

काळ्या चहाचे तीन कप आले. आम्ही विचारलं, ‘‘आणि मी कोण, आजी?’’

‘‘तुमी पाहुणे जी,’’ ती म्हणाली. अगदी प्रेमाने. पण तिथेच आम्हाला कळलं की या अंगणात मित्राचं एक नातं आहे आणि आपलं नाही.

भानगड अशी आहे. गोंड समाजात कुळांचे गट देवांच्या संख्येवरून ओळखले जातात. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. एका गटातली सगळी कुळं एकमेकांची भावंडं. त्यामुळे त्यांच्यात लग्न होत नाही, सोयरीक दुसऱ्या गटात करायची. आडनाव आणि देवांची संख्या कळली की समोरचा माणूस भाऊ की सोयरा हे तिथल्या तिथे ठरतं. तो आदिलाबादचा असो, बस्तरचा असो की छिंदवाड्याचा. चार-पाच राज्यांत पसरलेल्या माणसांना एकमेकांशी जोडणारं हे नेटवर्क. ना लॉगिन, ना पासवर्ड!

आणि सगळी मिळून गोत्रं किती? साडेसातशे. प्रत्येक गोत्राने एक प्राणी, एक पक्षी आणि एक झाड आपलं मानायचं आणि त्याला इजा करायची नाही, असा हिशेब समाजात मांडला जातो. म्हणजे तीन गुणिले साडेसातशे. जंगल वाचवायची यंत्रणा थेट आडनावात बसवलेली.

सिग्नलवरच्या त्या आकड्याचं उत्तर मिळालं. पण तो आकडा इथेच का आणायचा? या डोंगरावर काय आहे?

एक गुहा, एक आई आणि एक किंगरी

धनेगावातून चढ सुरू होतो. काही ठिकाणी पायऱ्या, काही ठिकाणी नुसते दगड. रोज एसीत बसणाऱ्या पायांना अर्ध्या वाटेत आपलं वय कळतं. वाटेत मित्राने गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्याला ती त्याच्या आजीने सांगितली होती.

खूप जुन्या काळी काली कंकालीची तेहतीस मुलं होती. दांडगी, कुणाचं न ऐकणारी. शंभूने त्यांना शिक्षा म्हणून या डोंगरातल्या गुहेत कोंडलं आणि तोंडावर मोठी शिळा लावली. आई रडून रडून अर्धी झाली. पारी कुपार लिंगो हा त्या काळचा मोठा ज्ञानी माणूस. त्याने आणि रायताड जंगोने मुलांना सोडवायचं ठरवलं. पण शिळा बाहेरून हलेना. तेव्हा हिरासुका नावाचा वादक आला. तो गुहेच्या तोंडाशी उभा राहून किंगरी वाजवायला लागला. ते सूर आत पोहोचले आणि उपाशी, थकलेल्या मुलांच्या अंगात बळ आलं. सगळ्यांनी मिळून आतून जोर लावला. शिळा निखळली, मुलं बाहेर आली. पण गडगडत खाली आलेल्या त्या शिळेखाली सापडला तो हिरासुकाच.

‘‘म्हणजे ज्याने सोडवलं तोच गेला?’’

‘‘तोच गेला. म्हणून आमच्यात अजून किंगरी वाजवणाऱ्याला मान असतो.’’

मुलं बाहेर आली त्यांना लिंगोने शिकवलं. कसं राहायचं, कुणी कुणाशी लग्न करायचं, निसर्गाशी कसं वागायचं. ही शिकवण म्हणजे कोया पुनेम, गोंडांचा धर्म. त्या मुलांपासून पुढे सगे झाले, गोत्रं झाली. साडेसातशे!

गोष्ट संपेपर्यंत आम्ही गुहेच्या तोंडाशी पोहोचलो होतो. दोन गुहा आहेत, एक लहान आणि एक मोठी. मोठ्या गुहेत शिरलं की पहिल्यांदा गार हवा अंगावर येते, मग डोळ्यांना अंधाराची सवय होते आणि मग कळतं की छत किती उंच आहे. आपला आवाज आपल्याकडे परत येतो. आम्ही दोघंही आपोआप हळू बोलायला लागलो.

‘आशियातली सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा’ असं या जागेबद्दल बातम्यांमध्ये हमखास लिहिलेलं असतं. खरं सांगायचं तर ते खरं नाही. व्हिएतनाममधली सोन डूंग ही गुहा तिच्याहून कितीतरी मोठी आहे. २००९ मध्ये तिचं मोजमाप झालं तेव्हा जगातली सर्वांत मोठी म्हणून तिची नोंद झाली. पण कचारगडला असल्या सर्टिफिकेटची गरज तरी काय? या परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं सापडली आहेत. हजारो वर्षांपूर्वीही कुणीतरी इथे बसून पाऊस थांबायची वाट पाहिली असेल. जागेचं मोठेपण फुटांत मोजलं नाही तरी चालतं.

गुहेतल्या देवस्थानापुढे मित्राने हात जोडले. मग म्हणाला, ‘‘आजी इथे गोंडीत काहीतरी म्हणायची. लांबलचक. मला त्यातलं एक अक्षर येत नाही.’’

२०११ च्या जनगणनेत देशात गोंड समाजाची संख्या एक कोटीच्या वर होती आणि गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख. त्याच्या घरात आजी गोंडी बोलायची. वडिलांना समजायची, पण नोकरीच्या गावी ते बोलत नसत. त्याला समजतही नाही. एका भाषेला घरातून जायला फक्त तीन पिढ्या लागल्या. ‘‘शाळेत पोरं चिडवायची,’’ तो एवढंच म्हणाला.

नागपूरच्या कपाटातली गोष्ट

आता जरा ट्विस्ट. ही गोष्ट जंगलातच होती आणि शहराला कधी कळलीच नाही, असं वाटत असेल तर थांबा. ती दीडशेहून जास्त वर्षं आपल्या शहरात लिहिलेली आहे.

हिस्लॉप कॉलेज माहीत आहे ना? सिव्हिल लाइन्समधलं. आपल्यापैकी अर्ध्यांनी तिथे अ‍ॅडमिशनसाठी चकरा मारल्या असतील. १८८३ साली सुरू झालेलं हे कॉलेज ज्याच्या नावाने आहे तो स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचा मिशनरी होता. १८४५ मध्ये तो नागपुरात आला. धर्मप्रसार आणि शाळा हे त्याचं काम, पण दगड, जीवाश्म आणि माणसं हा त्याचा खरा नाद. तो गोंडांमध्ये फिरला. त्यांची गाणी आणि गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या पाठ ठेवणाऱ्या परधानांकडून त्याने लिंगोचं लांबलचक गीत मिळवलं आणि ते गोंडी शब्दांसकट कागदावर उतरवलं. ते छापायला मात्र तो उरला नाही. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना पूर आलेल्या ओढ्यात तो बुडाला. त्याचे कागद १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने प्रसिद्ध केले. गंमत म्हणजे आज हिस्लॉप कॉलेजचा पत्ता आहे टेंपल रोड!

त्या गीतात कोंडलेले गोंड आहेत, मोठी शिळा आहे, लिंगो आहे. आणि एका जागेचं नाव आहे, कचीकोपा लाहूगड. म्हणजे लोखंडाचा डोंगर, लोखंडाची दरी असं काहीतरी. तपशील मात्र मित्राच्या आजीच्या गोष्टीपेक्षा वेगळे आहेत. हिस्लॉपच्या गीतात कोंडणारा महादेव आहे, कोंडण्याची गुहा भलत्याच डोंगरावर आहे, आणि कचीकोपा लाहूगड ही निसटलेल्या चार भावांची लपायची जागा आहे. तोंडी गोष्टीचं असंच असतं. प्रत्येक गावात ती थोडी वेगळी होते. रामकथा नाही का, प्रत्येक प्रांताची निराळी?

गीतात तालुका-जिल्हा दिलेला नाही. मग कचीकोपा म्हणजे आपला कचारगड हे ठरवलं कुणी?

बँकेत नोकरी, डोक्यात लिंगो

इथे गोष्टीत येतो आपल्यासारखाच एक नोकरदार माणूस. मोतीरावण कंगाली. जन्म १९४९, गाव रामटेकजवळचं दुलारा. मूळ नाव मोतीराम, पुढे त्यांनी ते स्वतः बदलून मोतीरावण केलं. नोकरी रिझर्व्ह बँकेत. म्हणजे मस्टर, फायली, पगार, प्रमोशन सगळं आलंच. पण त्याबरोबर त्यांनी समाजशास्त्र, भाषाशास्त्र अशी एकापाठोपाठ एक शिक्षणं घेतली, गोंडी भाषेवर आणि कोया पुनेमवर पुस्तकं लिहिली, आणि गावोगाव फिरून म्हाताऱ्यांकडून गोष्टी उतरवून घेतल्या. सिंधू लिपी गोंडीतून वाचता येते, असाही दावा त्यांनी केला. तो विद्वानांनी मान्य केलेला नाही. पण समाजाची तोंडी परंपरा कागदावर आणायचं त्यांचं काम त्या वादापलीकडचं आहे. २०१५ मध्ये ते गेले.

कंगाली आणि त्यांच्यासारख्या काही शिकलेल्या गोंड तरुणांनी जुनी इंग्रजी पुस्तकं वाचली, गाण्यातलं कचीकोपा वाचलं, आणि मग दरेकशाच्या या डोंगरावर येऊन पाहिलं. गुहा आहे. परिसरात लोहखनिज आहे, आणि कच्च्या लोखंडावरूनच कचारगड हे नाव पडलं असं इथले लोक सांगतात. पायथ्याशी काली कंकालीचं ठाणं आहे. आसपासच्या गावांची इथली पूजा आधीपासून होतीच. १९८० च्या दशकात मूठभर माणसांनी माघ पौर्णिमेला इथे जमायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी थोडे जास्त आले. मग आणखी जास्त. आज महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा, ओडिशा अशा राज्यांतून आलेल्यांची संख्या लाखांच्या घरात जाते. सप्तरंगी झेंडा चढतो, पालखी निघते, ढोल वाजतात, रात्रभर नाच होतो. आणि पुस्तकांचे स्टॉल! मित्र म्हणतो की गर्दी सर्वांत जास्त तिथेच असते. गोंडी शब्दकोश, कॅलेंडर, लिंगोची पुस्तकं. ज्यांना घरात भाषा मिळाली नाही, ते ती स्टॉलवरून विकत घेऊन जातात.

एखाद्या इतिहासकाराने नाक मुरडून म्हणावं, गाण्यातली जागा हीच कशावरून? प्रश्न बरोबर आहे. त्याला पुराव्याचं उत्तर कुणी देऊ शकणार नाही. पण पंढरीच्या वारकऱ्याकडे आपण विठ्ठलाचा सात-बारा मागत नाही. माणसं कुठे जमतात आणि जमून स्वतःला काय म्हणवतात, हाही इतिहासच की.

इटलीतही असंच एक गाव

डोंगरावरच्या जुन्या गावांचं आपल्याला भारी आकर्षण. अर्ध्या ऑफिसच्या डेस्कटॉपवर इटलीतलं एखादं दगडी गाव असतं. त्यातलंच एक मातेरा. दक्षिण इटलीत, दरीच्या कड्यात खोदलेल्या गुहांमध्ये वसलेलं. हजारो वर्षं माणसं तिथे राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र तिथली गरिबी आणि रोगराई पाहून देशाने या गावाला ‘राष्ट्राची लाज’ ठरवलं. १९५२ मध्ये कायदा करून लोकांना गुहांमधून बाहेर काढलं. आणि मग? १९९३ मध्ये त्याच गुहा युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या. २०१९ मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झालं. आता त्याच गुहांमध्ये हॉटेलं आहेत आणि तिथे राहायला महिन्याचा पगार लागतो.

लाज ते अभिमान हा प्रवास कचारगडनेही केला. पण एक फरक आहे. मातेरामध्ये आधी सरकार आलं, मग युनेस्को, मग पर्यटक. इथे आधी आली ती माणसं. स्वतःच्या खर्चाने, मिळेल त्या गाडीत बसून, आडनावाच्या ओळखीवर. वर्षानुवर्षं या भागाचं नाव पेपरात यायचं ते नक्षलवादाच्या बातमीत. दरेकसा म्हटलं की शहरातली माणसं दचकायची. त्या काळातही माघ पौर्णिमा चुकली नाही.

म्हणून इथे जाताना पर्यटक म्हणून थोडं सांभाळूनच जावं. गुहा म्हणजे सेल्फी पॉइंट नाही, कुणाचं तरी देवघर आहे.

परतताना

डोंगर उतरून खाली आलो तेव्हा ऊन कललं होतं. आजीचं धान पाखडून झालं होतं. ती आमची वाटच पाहत होती बहुतेक. मित्राच्या हातात तिने चारोळ्यांची एक पुरचुंडी ठेवली. तो पैसे काढायला लागला तर असं पाहिलं की त्याने पाकीट मुकाट्याने परत खिशात घातलं.

‘‘पुनवेले येजो,’’ ती म्हणाली. ‘‘बायकोले घेऊन येजो.’’

‘‘लग्न नाही झालं अजून, बाई.’’

‘‘मंग सहा देवाची पाहजो!’’ आणि खो-खो हसली.

देवरीला पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. हायवेवर ट्रकांची रांग. ढाब्यावर जेवताना मित्र एकदम म्हणाला, ‘‘चार वर्षं मी तुम्हाला ट्रेक सांगत होतो.’’

‘‘का रे पण?’’

‘‘खरं सांगितलं असतं तर पुढे दहा प्रश्न आले असते. ट्रेक म्हटलं की कुणी काही विचारत नाही.’’ पोळीचा तुकडा मोडत तो म्हणाला, ‘‘आणि कुणी काही विचारत नाही, याचाच मला राग यायचा.’’

यावर काय बोलणार? चार वर्षं शेजारी बसून त्याची चहातली साखर, त्याची क्रिकेट टीम, त्याचा ईएमआयसुद्धा आम्हाला माहीत होता. हेल्मेटवरचा आकडा विचारायला चार वर्षं लागली.

सोमवारी तो सुट्टीचा अर्ज भरत होता. माघ पौर्णिमेचे दोन दिवस. ‘कारण’ या रकान्यात दरवर्षी ‘पर्सनल’ असायचं. या वेळी त्याने लिहिलं, ‘कचारगड यात्रा, आमच्या पूर्वजांचं ठिकाण’. टीम लीडने वाचलं, मान वर केली आणि विचारलं, ‘‘हे कुठे आहे रे?’’

त्याने खुर्ची ओढली आणि सांगायला लागला. आम्ही तोवर आमचा अर्ज भरायला घेतला.

कसं जाल?

रस्त्याने: नागपूर–भंडारा–साकोली–देवरी हा हायवे, मग आमगाव–सालेकसा–दरेकसा–धनेगाव. गोंदियाहून कचारगड सुमारे ५५ किलोमीटर. आतल्या रस्त्यांवर पेट्रोल पंपाच्या भरवशावर राहू नका, टाकी देवरीत किंवा आमगावात भरून घ्या.

ट्रेनने: हावडा मार्गावर गोंदिया आणि डोंगरगडच्या मध्ये दरेकसा स्टेशन. एक्स्प्रेसच्या नादी न लागता पॅसेंजर गाड्यांचं वेळापत्रक पाहा.

कधी: गर्दी, ढोल आणि पुस्तकं हवी असतील तर माघ पौर्णिमा (जानेवारी-फेब्रुवारी). शांतता हवी असेल तर हिवाळ्यातला कुठलाही वीकेण्ड. पावसाळ्यात दरेकशाजवळचा हाजरा फॉल जोरात असतो, पण गुहेची वाट निसरडी होते.

सोबत काय: पाणी, बॅटरी, पकड असलेले बूट. दारू, स्पीकर आणि प्लास्टिक घरीच ठेवा. गुहेत आरडाओरडा आणि धूर करू नका, मधमाश्यांची पोळी असू शकतात.

हे लक्षात ठेवा: पूजा चालू असेल तर फोटोआधी विचारा. कुणी ‘जय सेवा’ म्हटलं तर उत्तरही ‘जय सेवा’. आणि कुणी ‘किती देवाचे?’ विचारलं आणि उत्तर माहीत नसेल, तर सरळ सांगा, पाहुणा आहे. चहा तरीही मिळतो.